किनाऱ्याजवळच्या गाडीचा पुढचा शॉकअब्सॉर्बर घरी कसा उतरवावा

गोव्यात मोरजी-मांद्रेच्या बाजूला चार पावसाळे उघड्यावर काढलेल्या गाडीचा पुढचा शॉकअब्सॉर्बर उतरवणे म्हणजे खरे तर नकलवरचे (चाक ज्यावर बसते त्या लोखंडी भागावरचे) दोन बोल्ट सोडवणे. बाकीचे काम तासाभराचे. पण सल्ला देणारे नेमके तिथेच एका वाक्यात उरकतात: “पाइप लाव आणि हिसका दे.” असाच हिसका देऊन मी एक बोल्ट पिळून तोडला होता. त्याचा आत अडकलेला तुकडा काढण्यात अख्खा रविवार गेला.

गाडी सपाट काँक्रीटवर घ्या, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना अडण लावा, जॅकने उचलून स्टँडवर बसवा. स्टँडऐवजी चिरा (बांधकामाचा जांभा दगड) अजिबात नको. आपल्याकडे अंगणात चिरे पडलेलेच असतात, म्हणून हात तिकडे जातो. भिंतीत चिरा सगळीकडून सारखा भार घेतो. गाडीखालची अरुंद पट्टी त्यावर टेकली की तो अचानक फुटतो. भिजलेला चिरा तर आणखी कच्चा.

आता बोल्ट. शनिवारी काम करायचे असेल तर बुधवारी सुरुवात करा. खारा वारा आणि चाकामागे थापून बसलेला तांबडा चिखल यांमुळे इथला गंज कधी नीट सुकत नाही. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे नट पाचरीसारखा आवळला जातो. आधी चिखल खरवडा आणि नटाबाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा. मग गंज सोडवणारा स्प्रे मारा, रोज सकाळ-संध्याकाळ. मारल्यावर नटाच्या बाजूने हातोडीचे पाच-सहा ठोके द्या, म्हणजे तेल आत उतरते. आट्यांच्या कडेने तपकिरी ओघळ दिसू लागला की समजा, तेल आत पोचले. खोबरेल तेलाने हे होत नाही, ते दाट असते. फवारताना ब्रेकची डिस्क प्लॅस्टिकने झाका; डिस्कवर तेल गेले तर ब्रेक लागणार नाहीत.

सॉकेट सहा कोनी घ्या. बारा कोनी सॉकेट गंजलेल्या नटाचे कोपरे खाऊन टाकतो. बऱ्याच गाड्यांत या बोल्टाला डोक्याखाली दाते असतात, म्हणून डोके पान्याने धरून ठेवा आणि फिरवा फक्त नट. आधी किंचित आवळा, मग सैल करा. “कट्ट” असा कोरडा आवाज आला तर नट सुटला. आवाज न येता पाना मऊ, रबरासारखा वळायला लागला तर हात तिथेच थांबवा: नट जागेवर आहे आणि बोल्ट पिळतो आहे. पुन्हा आवळा, पुन्हा तेल, आणि काम उद्यावर टाका. हा मऊपणा मला ओळखता आला असता तर तो रविवार वाचला असता.

गॅसची ज्योत घरी लावू नका. शेजारी ब्रेकचा रबरी पाइप असतो, सगळीकडे पेटणारे तेल लागलेले असते आणि शॉकअब्सॉर्बरमध्ये दाबाखाली वायू असू शकतो. बोल्ट तीन दिवसांतही हलला नाही तर गॅरेजवाल्याला बोलवा.

नट सुटले की ब्रेकच्या पाइपाची क्लिप आणि असेल तर एबीएसची वायर मोकळी करा. नकल तारेने बॉडीला बांधा, नाहीतर ती बाहेर कलंडून ब्रेकचा पाइप ताणते आणि ड्राइव्हशाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) आतल्या जॉइंटमधून निसटू शकतो. बोल्ट काढा. शेवटी एका हाताने शॉकअब्सॉर्बर धरून बॉनेटखालचे कडेचे नट सोडा. मधल्या मोठ्या नटाला हात लावू नका. त्याच्याखाली दाबलेली स्प्रिंग असते आणि ती सुटली तर जिवावर बेतते. स्प्रिंग वेगळी करायला ती दाबून धरणारा काँप्रेसर लागतो. ते काम मी गॅरेजमध्येच करून घेतो.

बसवताना बोल्ट आणि नट नवे घ्या, गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळा आणि बाहेर राहिलेल्या आट्यांवर ग्रीसचा जाड थर द्या. मग लगेच व्हील अलाइनमेंट करून घ्या.