शिरोरेषेचं तोरण

पोस्टरचं चित्र काढायचं असेल तर अक्षरांची जागा आधी ठरवा. चित्र पूर्ण करून उरलेल्या कोपऱ्यात नाव कोंबण्याची चूक मी बरीच वर्षं केली.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीच्या तान्ह्या पोळ्याचं, म्हणजे पोरांच्या लाकडी नंदींच्या पोळ्याचं, पोस्टर केलं, त्याचंच सांगते. रेखाटनं आदल्या वर्षीची होती. सकाळी इतवारीत मारबतीच्या, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या, गर्दीत उभी राहिले, संध्याकाळी लाकडी नंदी ओढणाऱ्या पोरांमागे फिरले. एका रेखाटनाला अर्धं मिनिट, कारण पोरं थांबतच नाहीत. झुलीची नक्षी फोटोत नंतर सापडते. पण चाक अडकल्यावर पोरगं अख्खं अंग मागे टाकून दोरी कसं ओढतं, ते हातानंच टिपावं लागतं. एकीनं तर नंदी कडेवर घेतला आणि बोजारा, म्हणजे नंदीमागे मिळणारा खाऊ-पैसे, मागायला निघाली. पोस्टरवर तीच आली.

मग काडेपेटीएवढ्या बारा चौकटी आखल्या. प्रत्येकीत आधी ‘तान्हा पोळा’ ही अक्षरं, मग चित्र. आठव्या चौकटीत शिरोरेषा ओढताना ती मला तोरणाची दोरी दिसली. मोठ्या पोळ्याला बैल तोरणाखालीच तर उभे करतात! इथून पुढे चित्र कुठं संपतं आणि डिझाइन कुठं सुरू होतं, हे मला सांगता येणार नाही. दोरीला आंब्याची पानं सगळीकडे लावली तर ती काना-मात्रांत मिसळली, नाव वाचताच येईना. म्हणून पानं फक्त दोन शब्दांमधल्या फटीत ठेवली. या नावात उकार नाही, त्यामुळे नंदीची शिंगं अक्षरांच्या अगदी जवळ नेता आली. तुमच्या मजकुरात ‘कु’, ‘सू’ असेल तर खाली जागा सोडा.

कच्चा आराखडा भिंतीला चिकटवून दहा पावलं मागे जा. आधी नाव दिसलं पाहिजे, मग मुलगी. तारीख-वेळ जवळ आल्यावर वाचली तरी चालेल.

रंगांचं थोडक्यात: पडद्यावरचा झळझळीत केशरी छपाईच्या चार शाईंत मंदावतो, म्हणून सुरुवातीलाच सीएमवायके, म्हणजे त्या चार शाईंची रंगपद्धत, लावा आणि एक नमुना छापून पाहा. ए३ आकाराला ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके, ठेवा. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर रंग जास्त सोडा, आणि महत्त्वाचं काही कडेला नको. माझ्या एका नंदीचं शिंग कटिंगमध्ये गेलं, ते अजून डोळ्यांपुढे आहे. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार शाई जराशा सरकल्या तरी अक्षर धूसर होतं.

छापखान्यात फाइल देण्याआधी अक्षरांचं आउटलाइन करा, म्हणजे फॉन्टऐवजी अक्षरं नुसत्या आकारांत बदला. त्यांच्याकडे तो फॉन्ट नसेल तर जोडाक्षरं तुटतात. पीडीएफ उघडून ‘न्हा’ एकसंध आहे का ते बघा, मगच पाठवा.