मासा आजारी दिसतोय? औषधाआधी होणाऱ्या या चुका टाळा

मासा कोपऱ्यात गप्प बसलेला दिसला की हात आधी निळ्या औषधाच्या बाटलीकडे जातो. चार थेंब, वर मूठभर मीठ, आणि मग देवावर हवाला. सुरुवातीला मीही हेच करायचो आणि मासे मरतच राहायचे. बिघडलेलं असायचं पाणी आणि उपचार चालायचे माशावर. त्यात ते निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, मुख्य टाकीत ओतलं की झाडं कोमेजतात आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मरतात. ते वेगळ्या भांड्यातच वापरावं.

या जिवाणूंचं महत्त्व कळलं की निम्मे प्रश्न सुटतात. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नव्या टाकीत ही वसाहत उभी राहायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, आणि आपण पहिल्याच दिवशी डझनभर मासे सोडतो! मासे वर येऊन धापा टाकत असतील, कल्ले लालसर दिसत असतील, तर टेस्ट किटने पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. नसतील तर 30 टक्के पाणी बदला, खाद्य बंद करा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. (फायटर मासा वर येऊन हवा घेतो तो मात्र आजारी नसतो. त्याची ती पद्धतच आहे.)

जुन्या टाकीत हाच घोळ आपण स्वतः घालतो. रविवारी सगळं पाणी उपसायचं, खडे घासायचे, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत धुवायचा. टाकी चकाचक, आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणूंची वसाहत साफ. स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा. पाणी आठवड्याला 20 ते 30 टक्के बदलावं. नव्या पाण्यात अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवणारं द्रावण) टाकलेलं असावं आणि त्याचं तापमान टाकीइतकंच असावं.

पांढरे ठिपके: तिसऱ्या दिवशी औषध थांबवणं

अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे दिसतात, मासा खड्यांना अंग घासतो. हा 'इक' नावाचा परजीवी. ठिपका दिसतो तेव्हा तो कातडीच्या आत असतो आणि औषध तिथे पोहोचत नाही. पोसला की तो गळून तळाशी जातो, कवचात शिरून त्याचे शेकडो तुकडे होतात आणि ही पिल्लं पोहत नवा मासा शोधतात. औषध लागू पडतं ते या पोहणाऱ्या पिल्लांनाच. म्हणून ठिपके गेले तरी उपचार आणखी आठवडाभर चालू ठेवावा लागतो. उष्णकटिबंधीय माशांच्या टाकीत तापमान हळूहळू, दिवसाला एक-दोन अंशांनी, 29-30 पर्यंत नेलं की हे चक्र लवकर उरकतं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, तेव्हा एअर पंप जोरात चालू ठेवा. गोल्डफिशला एवढी उष्णता सोसत नाही.

औषध घालण्याआधी फिल्टरमधला कार्बन काढायला विसरू नका, नाहीतर तो औषधच शोषून घेतो. तांबं असलेलं औषध कोळंबी आणि गोगलगायींना मारतं. मात्रा काढताना 60 × 30 × 30 सेंटीमीटरची टाकी म्हणजे 54 लिटर असं धरतात. पण खडे आणि वरची रिकामी जागा वजा केली तर पाणी पंचेचाळीसच्या आसपासच भरतं.

आता गंमत बघा. तोंडाशी किंवा पाठीवर पांढुरका, कापसासारखा थर दिसला की लोक बुरशी समजतात, आणि ठिपक्यांवर उष्णता चालली म्हणून इथेही हीटर वाढवतात. अनेकदा तो कॉलम्नॅरिस हा जिवाणूंचा आजार असतो आणि उष्णतेने आणखी झपाट्याने पसरतो. खरी बुरशी बहुधा आधीच जखम झालेल्या जागी धरते. खात्री नसेल तर तापमानाला हात लावू नका.

पर कुरतडल्यासारखे झाले तर पाणी सुधारा, आणि टाकीत कुणी टायगर बार्ब चावरेपणा करत नाही ना तेही पाहा. पोट फुगून खवले उभे राहणं हे आतले अवयव निकामी होत असल्याचं लक्षण. यातून मासा क्वचितच वाचतो, उगाच आशा दाखवत नाही. उलटा तरंगणारा गोल्डफिश मात्र पुष्कळदा जास्त खाल्लेला असतो. दोन दिवस उपास, मग सोललेला उकडलेला वाटाणा. एरवीही दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य टाकावं.

नवा मासा 2 ते 4 आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा आणि तिची जाळीही वेगळी ठेवा. हा सल्ला सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो. मलाही वाटायचा, एका नव्या माशाने सगळी टाकी ठिपकेदार करेपर्यंत.

हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नका, घालावाच लागला तर हातमोजे घाला. माशांमधला एक मायकोबॅक्टेरियम जिवाणू माणसाच्या कातडीतही शिरतो. बोटावरची गाठ किंवा फोड आठवडेच्या आठवडे बरा होत नसेल, तर घरी मासे पाळता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.