खनन करताना जहाज वाचवण्याचा माझा अनुभव

ऐरोलीच्या घरी रात्रीची जेवणे आटोपली की मी तासभर ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातल्या ऑनलाइन खेळामध्ये खनिज काढायला बसतो. गेल्या पावसाळ्यात माझी दोन रिट्रीव्हर (खनन करणारी) जहाजे पाठोपाठ गेली, आणि तीही ०.५ सुरक्षेच्या, म्हणजे कागदोपत्री सुरक्षित प्रदेशात. दुसऱ्या वेळी मी चहा आणायला उठलो होतो. परतलो तेव्हा पडद्यावर जहाजाचे अवशेष आणि माझी एकटी कुपी (जहाज फुटल्यावर खेळाडू ज्यात उरतो ते छोटे यान) तरंगत होती.

तेव्हा कुठे लक्षात आले की काँकॉर्ड, म्हणजे खेळातले पोलीस दल, हल्लेखोराचे जहाज नष्ट करते खरे, पण हल्ला झाल्यावर; शिवाय सुरक्षेचा आकडा जितका कमी, तितके ते उशिरा पोहोचते. कॅटॅलिस्ट ही स्वस्त लढाऊ जहाजे घेऊन आलेल्या टोळीला तेवढे सेकंद पुरतात.

मी रिट्रीव्हरचा मोठा साठा सोडून प्रोक्युरर या दणकट खनन-जहाजावर आलो, त्यावर डॅमेज कंट्रोल (नुकसान कमी करणारा भाग) आणि ढाल वाढवणारे भाग बसवले. खनिज थोडे कमी भरते, पण मला हा व्यवहार पूर्णपणे पटतो. आता जहाज स्थानकाच्या दिशेने वळवून, कमाल वेगाच्या तीन-चतुर्थांश वेगाने पुढे सरकत ठेवतो, जेणेकरून आज्ञा देताच ते वार्पमध्ये, म्हणजे अतिवेगवान प्रवासात, शिरते. खनिज काढणाऱ्या लेसरच्या पल्ल्याबाहेर जाऊ नये म्हणून खनिजाचा दगड मात्र विचारपूर्वक निवडावा लागतो. आसपासची जहाजे दाखवणाऱ्या दिशादर्शक स्कॅनरचा पल्ला १४.३ खगोलीय एकके (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर) आहे. त्यावर दोन-तीन कॅटॅलिस्ट एकत्र दिसल्या की मी लेसरची फेरी पूर्ण होण्याची वाट पाहत नाही. चहासाठी उठायचे असेल, तर आधी जहाज स्थानकात लावतो.