हाड जुळत नसेल, तर कलम कोणते निवडावे?

आंब्याच्या झाडावरून पडून मोडलेले हाड महिने उलटूनही जुळत नसेल आणि रत्नागिरीच्या किंवा कुडाळच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी अस्थिकलम (न जुळलेल्या जागी हाड किंवा त्याचा पर्याय भरणे) सुचवले असेल, तर त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात: कलमात जिवंत पेशी आहेत का, ते नवे हाड तयार होण्यास चालना देते का, की नव्या हाडाला वाढण्यासाठी केवळ आधाराचा सांगाडा पुरवते. कमरेच्या हाडातून काढलेले स्वतःचे कलम तिन्ही गोष्टी देते. मात्र दुसरी जखम होते आणि साठा मर्यादित असतो. अस्थिपेढीतील (दान केलेले हाड साठवतात तिथल्या) प्रक्रिया केलेल्या हाडात जिवंत पेशी नसतात. हाडाऐवजी भरायच्या पदार्थांपैकी कॅल्शियम सल्फेट काही आठवड्यांतच विरघळते, तर हायड्रॉक्सिॲपेटाइट (ते समुद्रातील प्रवाळापासूनही बनवतात) वर्षानुवर्षे टिकते. दोन्ही मुख्यतः पोकळी भरण्यापुरती. न जुळलेल्या हाडासाठी, माझ्या मते, आधी स्वतःच्याच हाडाचा विचार व्हावा. मशेरी मात्र शस्त्रक्रियेपूर्वीच सोडावी, कारण तंबाखूमुळे हाड जुळणे लांबते.