सिनेमा बघून देवाधर्मावर गप्पा मारायच्यात? ग्रुप असा जमवा

देवाधर्माचा विषय घरात किंवा सोसायटीत काढला की दोन मिनिटांत आवाज चढतात, पण मध्ये एखादा सिनेमा ठेवला ना, की तीच माणसं एकमेकांचं ऐकून घेतात, कारण बोलणं सिनेमातल्या पात्राबद्दल चाललेलं असतं, समोर बसलेल्या काकांच्या श्रद्धेबद्दल नाही.

आधी माणसं. आठ-दहा पुरेत, पण सगळी एकाच विचाराची नकोत, नेमाने वारी करणारं कुणी हवं आणि देव अजिबात न मानणारंही हवंच.

मग सिनेमा. सुरुवातीला 2011 चा 'देऊळ' घ्या. गाय शोधत गेलेल्या केश्याला औदुंबराखाली दत्त दिसतो आणि बघता बघता गावात देऊळ, दुकानं, गर्दी, पैसा सगळं येतं आणि दवाखान्याचं राहूनच जातं. यात लोक लगेच राजकारण्यांना शिव्या घालायला लागतात, ते सोपं आहे, दहा मिनिटं घालू द्या आणि मग विचारा, केश्याला जे दिसलं ते खरं मानायचं का, आणि खरं मानलं तर देऊळ बांधण्यात गावाचं काय चुकलं? इथून खरी चर्चा सुरू होते.

पूर्ण सिनेमा आणि चर्चा एकाच रात्री करू नका, लोक पेंगतात. सिनेमा ज्याने त्याने घरी बघून यायचा आणि जमल्यावर दोन-तीनच सीन परत लावायचे. पहिल्या फेरीत प्रत्येकाने फक्त काय दिसलं ते सांगायचं, मत नाही. हा नियम कडक पाळा, नाहीतर जो जास्त बोलतो त्याचंच मत सगळ्यांचं होऊन बसतं. आणि 'तुम्ही लोक' असं कुणी म्हणालं की तिथेच थांबवायचं, मग तो वयाने कितीही मोठा असो.

दुसऱ्या वेळी प्रभातचा 1936 चा 'संत तुकाराम' लावा. जुना आहे म्हणून तरुण मंडळी नाक मुरडतील, पण आजारी पोरासाठी चिडून विठोबावर चप्पल उगारायला निघालेली तुकोबांची बायको जिजाई बघितली की गप्प होतात. ही भक्ती नाही का? मला तर वाटते. आमच्याकडच्या आज्या देवाशी अशाच भांडायच्या. चमत्कार खरे की खोटे यात अडकू नका, त्यातून काही निघत नाही, जिजाईवर वेळ घालवा.

अजून एक, 'आधी बीज एकले' ऐकवा आणि मगच सांगा की हा अभंग तुकोबांचा नाही, शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलाय. आधी अजिबात फोडू नका. मग विचारा, हे कळल्यावर आता तो वेगळा वाटतोय का? यावर वारीवाले आणि नास्तिक दोघंही आपापसातच भांडतात, तेव्हा या प्रश्नाला निदान अर्धा तास ठेवा आणि चहा त्याच्या आधीच उरकून घ्या.