कॉलर माईक लावूनही स्टोरीत आवाज लांबूनच येतोय? माझा अनुभव

स्टोरीसाठी वायरवाला कॉलर माईक घेतला, फोनच्या ३.५ एमएम जॅकला लावला, तरी आवाज लांबून आणि पंख्याच्या घरघरीसकट. फोन रीस्टार्ट केला, जॅक पुसला, दुसरं अ‍ॅप टाकलं, काही नाही. चार दिवस नुसती डोकेफोड.

मग माईकची पिन नीट बघितली, तिच्यावर काळ्या रिंगा दोनच होत्या! म्हणजे टीआरएस, ही कॅमेऱ्याची पिन. फोनला तीन रिंगांची टीआरआरएस लागते, नाहीतर त्याला वाटतं साधा हेडफोन लावलाय आणि तो स्वतःचाच माईक चालू ठेवतो.

टीआरएस-टू-टीआरआरएस कन्व्हर्टर आणला. आधी कन्व्हर्टर फोनला लावायचा, खट्ट होईपर्यंत, कव्हर जाड असेल तर काढूनच. मग माईक. त्यानंतरच कॅमेरा उघडायचा, आधीच उघडा असेल तर बंद करून परत. आता रेकॉर्डिंग चालू करून माईकच्या फोमवर नखाने खरवडायचं आणि मग फोनच्या स्वतःच्या माईकच्या खालच्या भोकापाशी. ऐकताना कॉलर माईकची खरखर मोठी आली की झालं. माईक हनुवटीपासून वीतभर खाली लावा, ओढणीला घासू देऊ नका.

तुमच्या पिनवर आधीच तीन रिंगा असतील तर कन्व्हर्टर घेऊ नका, वायरवर कॅमेरा/फोन असं बटण आहे का बघा, ते फोनवर करा.