पहिली दुर्बीण घेताना या चुका टाळा

दिवाळीनंतर आकाश स्वच्छ झालं की माझ्या फोनवर दुर्बिणींचे फोटो यायला लागतात. "ही घेतली, चांगली आहे ना?" घेऊन झाल्यावर विचारतात, याचं मला फार वाईट वाटतं. चुका दरवर्षी त्याच असतात आणि त्यापायी पोरांची हौस पहिल्याच रात्री विझते.

खोक्यावरचा आकडा

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते "५२५ पट मोठं दिसेल" या एका ओळीवर. हिशेब साधा आहे. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला (भिंगापासून प्रतिमा उमटते तिथपर्यंतचं अंतर) आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागलं की वर्धन मिळतं. ६० मिमी व्यासाचं भिंग असलेल्या, ७०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला ४ मिमीचा आयपीस लावला की १७५ पट, त्यात वर्धन तिप्पट करणारी बार्लो (आयपीसच्या आधी लावायचं जादा भिंग) घातली की ५२५. आकडा बरोबर आहे, पण त्याचा उपयोग नाही. व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुप्पट वर्धन भिंगाला झेपतं. म्हणजे ६० मिमीला १२०. त्यापुढे चित्र नुसतं फुगतं आणि अंधूक होत जातं.

माझ्या मामेभावाने लेकीच्या नवव्या वाढदिवसाला अशीच दुर्बीण आणली आणि जानेवारीत आम्ही ती मुंबईजवळच्या वांगणीला तारे बघायला घेऊन गेलो. मी पलीकडे लोकांना मृग दाखवत होते, तोवर त्याने दुर्बीण गुरूवर रोखून ४ मिमी आणि बार्लो दोन्ही चढवलं होतं. पोरीला दिसला एक थरथरणारा मळकट डाग. फोकसच्या खुंटीला हात लावला की तोही गायब. इतक्या वर्धनाला आकाशाचा एवढासा तुकडा दिसतो की पृथ्वीच्या फिरण्यानेच गुरू अर्ध्या मिनिटाच्या आत चौकटीबाहेर जातो. "आत्या, हा सारखा पळतोय का गं?" तासाभराने ती गाडीत जाऊन बसली.

मग मी बार्लो काढून खिशात टाकली, २० मिमीचा आयपीस लावला, तिवईचे पाय पूर्ण आत घेतले, मधोमध पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी टांगली आणि तिला परत बोलावलं. आता फक्त ३५ पट. गुरू अगदी छोटा, पण काठ स्वच्छ, आणि एका रेषेत चार चंद्र. हात पाठीमागे बांधून तिने ते मोजले: तीन एका बाजूला, एक दुसऱ्या. १६१० साली गॅलिलिओने हेच चंद्र साधारण २० पटीच्या दुर्बिणीतून टिपले होते.

म्हणून आधी व्यास विचारा. आरशाच्या दुर्बिणीतला १३० मिमीचा आरसा ६० मिमीच्या भिंगापेक्षा साडेचार पटींहून जास्त प्रकाश गोळा करतो.

लटपटणारी तिवई

"हलकी हवी, सोबत नेता आली पाहिजे" म्हणत लोक काडीसारख्या पायांची तिवई उचलतात. दुकानात माझी एकच परीक्षा असते. लांबचं काहीतरी दुर्बिणीत धरायचं, नळीला बोटाने टिचकी मारायची आणि आकडे मोजायचे. तीनच्या आत चित्र स्थिर झालं नाही तर ती दुर्बीण मी घेऊ देत नाही, भिंग कितीही चांगलं असो.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे पहिल्याच खरेदीत विषुववृत्तीय माउंट, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षाभोवती फिरणारी बैठक. त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. मुंबई-पुण्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १८-१९ अंशांवर, म्हणजे बऱ्याचदा समोरच्या इमारतीच्या किंवा डोंगराच्या मागे. त्यात अक्ष इतका खाली झुकवला की कित्येक माउंटवर तोल साधणाऱ्या वजनाचा दांडा तिवईच्या पायाला अडतो. लोक दोन-दोन तास स्क्रू पिळत बसतात आणि वर कृत्तिका मावळतीला लागलेल्या असतात. फोटोग्राफीच करायची असेल तेव्हा घ्या. तोवर नको.

माझी स्वतःची १३० मिमीची टेबलटॉप डॉब्सोनियन आहे, म्हणजे टेबलावर ठेवायची, साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण. लाकडी बैठक धरून सहा-साडेसहा किलो, लोकलमध्ये मांडीवर मावते. प्लास्टिकच्या टेबलावर ती थरथरते, म्हणून मी घरातला जुना लाकडी पाट नेते. पाटावर दुर्बीण, चटईवर मी. २५ मिमीचा आयपीस लावला की २६ पट, आणि एप्रिल-मेमध्ये दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी तारकागुच्छ चौकटीत येतो तेव्हा अजूनही हात थांबतो.

बाकीच्या चुका

नळी अर्धा मीटर आणि नाभीय अंतर १००० मिमी लिहिलेला स्वस्त परावर्तक, म्हणजे आरशाची दुर्बीण, घेऊ नका. फोकसरमध्ये जादा भिंग बसवलेलं असतं आणि आरसे जुळवताना जीव जातो.

फाइंडर, म्हणजे नेम धरायला नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण, अंधारात जुळवू नका. संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर पण उजेड असताना, लांबच्या मोबाइल टॉवरवर जुळवून ठेवा.

रात्री गच्चीवर ग्रह उकळल्यासारखा दिसला म्हणून दुर्बीण परत करायला निघू नका. दिवसभर तापलेला स्लॅब उष्णता सोडत असतो. मातीच्या जमिनीवर बघा.

शनीची कडी बारीक दिसतात अशी तक्रार मार्च २०२५ पासून खूप ऐकली. तेव्हा कडी आपल्या दिशेने नेमकी कडेवर होती, आता ती हळूहळू उघडत जातील. दुर्बिणीचा दोष नाही.

आयपीसला लावायचा सूर्याचा फिल्टर मिळाला असेल तर आजच फोडून टाका. तो उष्णतेने तडकतो आणि डोळा कायमचा जातो. सूर्यासाठी फिल्टर नळीच्या तोंडावर, घट्ट बसणारा, आणि फाइंडर झाकलेला. यात मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

आणि पावसाळा. जूनमध्ये घेऊन कपाटात ठेवलेल्या भिंगांवर ऑक्टोबरात बुरशीची जाळी मी पाहिली आहेत. घ्यायचीच असेल तर दसऱ्यानंतर घ्या. आयपीस घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, दाण्यांचा रंग बदलला की पुडी बदला, आणि ऊन पडेल त्या दिवशी दुर्बीण उघडून सावलीत वारा लागू द्या.